बाईंची लय

"बंद करा! आधी बंद करा ते!"

कुमुद स्वयंपाकघरातून कणकेच्या हातानंच धावत आली आणि माझ्या नव्या सेटसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पदराला कणीक लागली तरी तिला पत्ता नव्हता. मी घाईघाईनं सुई उचलली.

सबंध दिवस खपून मी तो सेट लावला होता. नवा म्हणजे आम्हाला नवा. टर्नटेबल जपानी, अ‍ॅम्प्लिफायर त्याच्याही आधीचा, आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर, एकेक असा की उचलताना बरगड्या बोलायला लागाव्यात. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांकडून आणलेलं हे सगळं. गवंड्याची पाणसळ मागून आणून मी टेबल सपाट केलं, दातांत जीभ धरून सुईचा भार जुळवला, स्पीकरमधून सारखं घूंऽ वाजत होतं ते अर्थिंगची तार जोडून घालवलं. बँकेत जन्म गेला, पण असल्या खटपटीत मला पहिल्यापासून गोडी. आणि पहिली रेकॉर्ड लावली ती मथुराबाईंची, कुमुदच्या जिवाची. बायकोला धक्का द्यायचा होता. तो बसला, पण भलताच.

"काय झालं?" मी म्हटलं.

"ही कोण गातेय?"

"कोण म्हणजे? मथुराबाई. तुझीच रेकॉर्ड आहे, कपाटातून काढली."

"ह्या मथुराबाई नाहीत."

मी रेकॉर्ड उचलून तिच्या डोळ्यांपुढे धरली.

"लेबल मला नका दाखवू, मला कान आहेत," ती म्हणाली. "ही कुणी अठरा वर्षांची भवानी गाडी चुकेल म्हणून गात सुटलीय. तुम्ही काहीतरी बिघडवलंत."

आता इथं मथुराबाई कोण ते सांगायला हवं. मथुराबाई शिरोळकर या जुन्या गाणाऱ्या. फार नाव झालं नाही, लवकर गेल्या. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, ती छोटी, एका बाजूला सहा-सात मिनिटांचा बागेश्री. कुमुदला त्या कधी भेटल्या नाहीत. पण लग्नानंतर दोन-चार वर्षांत तिच्या भावानं, श्रीधरनं, अमेरिकेहून परत येताना तिकडचा रेकॉर्ड प्लेअर आणला, पेटीसारखा, आतच स्पीकर असलेला. सोबत आपल्या विजेवर तो चालावा म्हणून एक जड डबाही आणला. त्याच सुमारास कुठल्याशा जुन्या बाजारात कुमुदला ही रेकॉर्ड मिळाली, आणि तिथून तिनं मथुराबाईंना गुरू मानलं. ती चीज तिनं ऐकून ऐकून गळ्यावर चढवली. तो खालचा, भरदार सूर, एकेका स्वरावर तासभर बसल्यासारखं थांबणं. कऱ्हाडात कुमुद हळबे म्हटलं की लोक बागेश्रीच आठवायचे. शिकायला येणाऱ्या पोरींनाही तिनं तोच शिकवला. कुणी घाई केली की म्हणायची, "बाईंची लय सोडू नकोस, बाकी काहीही सोड."

बाकी कुठल्या रेकॉर्डी आमच्याकडे नव्हत्याच म्हणा. श्रीधरनं आणलेल्या दोन अमेरिकन बँडच्या होत्या, त्या कशा वाजायला हव्यात ते आम्हाला काय कळणार! सिनेमाची गाणी रेडिओवर. अलीकडे त्या पेटीचा स्पीकर घरघरायला लागला, म्हणून मी ती माळ्यावर टाकली आणि हा नवा घाट घातला.

आणि मुहूर्तही नेमका साधला होता. त्या रविवारी आमच्या संगीत मंडळात मथुराबाईंच्या स्मरणार्थ कुमुदचं गाणं होतं. ऐकायला निपाणीहून सरूबाई येणार होत्या. सरूबाई जन्मभर मथुराबाईंच्या मागं तानपुऱ्याला बसल्या, त्यांच्याच घरात राहिल्या. बाईंना जवळून ऐकलेलं तेवढं एकच माणूस आता उरलं होतं. कुमुदनं महिनाभर ध्यास घेतला होता. "त्यांनी एकदा मान हलवली ना, की मी खरी. नाहीतर मग काय, रेकॉर्डीवरून शिकलेला पोपट," असं ती म्हणायची. हसत म्हणायची, पण रात्री उठून पाणी पीत बसायची.

तेव्हा आता घोळ निस्तरणं माझ्याकडे आलं.

मी वेगाची कळ पाहिली, बरोबर होती. पट्टा काढून पुसून परत घातला. सुई बदलली. स्पीकरच्या तारा उलट्या करून पाहिल्या, कशाला ते मलाही माहीत नाही. प्रत्येक वेळी कुमुदला हाक मारायची, तिनं दारात येऊन चार सुरांत मान हलवायची, "नाही," आणि निघून जायचं. टर्नटेबलला वेग किंचित कमी-जास्त करायची एक गुंडी होती. ती मी हळूहळू मागं फिरवली.

"हं... आता जरा जवळ आल्या," कुमुद म्हणाली. "अजून."

"अजून गुंडीच नाही. संपली."

"मग हे यंत्रच खोटं आहे. तीन सूर वर लावतंय बाईंना. परत करून टाका."

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. तीन सूर वर म्हणजे किती वर, हे मला आजही सांगता यायचं नाही. पण यंत्रातलं थोडं कळतं, आणि यंत्र म्हणत होतं की मी बरोबर आहे. टर्नटेबलच्या कडेला बारीक ठिपक्यांच्या दोन रांगा होत्या आणि त्यांवर एक लाल दिवा पडायचा. वेग बरोबर असला की ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. गुंडी मधोमध ठेवली की वरची रांग अशी गुमान उभी राहायची, आणि खालची मात्र पळत सुटायची. एक उभी, एक पळतेय. यातलं खरं काय मानायचं? डोकं भणभणलं.

अमेरिकेला फोन लावला. श्रीधर झोपेतून उठला असावा.

"अरे, तू दिलेल्या प्लेअरला काही विशेष होतं का?"

"काय विशेष? डबा दिला होता ना मी?"

"दिला होतास."

"लावला होतात?"

"लावला होता."

"मग झालं की!" म्हणाला आणि ठेवला फोन.

शेवटी चष्मा लावून मी ठिपक्यांच्या रांगांशेजारचे आकडे वाचले. वरच्या रांगेला पन्नास, खालच्या रांगेला साठ. पन्नास आपल्याकडच्या विजेसाठी, साठ अमेरिकेतल्या विजेसाठी. वीज सेकंदाला किती हेलकावे घेते त्याचा हा हिशेब, इतपत मला ठाऊक होतं. आणि आमची जुनी पेटी तर अमेरिकेतली! मी स्टूल घेतलं आणि माळ्यावर चढलो.

जुनी पेटी खाली आणून उलटी केली. बुडाला पत्र्याची पट्टी होती, तिच्यावर लिहिलेलं, साठ. फक्त साठ. श्रीधरचा डबा विजेचा जोर कमी करायचा, पण हेलकावे काही बदलत नव्हता, आणि ती मोटर तर हेलकाव्यांवर फिरणारी. तरी खात्री करावी म्हणून दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, दोन्ही तव्यांना कागदाचा एकेक कपटा चिकटवला आणि एकदम सुरू केली. नव्याचा कपटा पुढं, पुढं, आणि जुना बिचारा प्रत्येक फेरीला मागं पडत चाललेला. तवा हळू फिरला की सूरही खाली उतरतो आणि लांबतो.

म्हणजे ती अठरा वर्षांची भवानी, तीच मथुराबाई. आणि कुमुदनं उभा जन्म जिची पूजा केली, ती या बाईंची कुणीच नव्हे.

सांगावं की न सांगावं? मी अंगणात जाऊन उगाच झाडांना पाणी घातलं. सेट परत करतो म्हणावं, जुनी पेटी दुरुस्त करून आणावी, प्रश्न मिटला. पण रविवारी सरूबाई समोर बसणार होत्या. त्यांनी चार लोकांत "हे काय?" म्हटलं असतं तर? मी आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. कपटेही फिरवून दाखवले.

कुमुदनं जुन्या तव्यावरचा कपटा बोटानं थांबवला.

"म्हणजे मी मोटरीकडून गाणं शिकले," ती म्हणाली.

"अगं, असं काय म्हणतेस..."

"मग कसं म्हणू? त्या थांबत नव्हत्याच. मोटर थांबत होती. आणि मी पोरींना सांगत होते, बघा, बाईंची लय!"

मग तिनं नव्या सेटवर रेकॉर्ड लावायला सांगितली आणि त्या वेगात, त्या सुरात गायला बसली. मला कळत नाही म्हणालो ना, पण तेवढं मलाही कळलं. दर दुसऱ्या जागी ती अडखळत होती. जिथं बसून राहायची तिला सवय, तिथून मथुराबाई केव्हाच पुढं गेलेल्या. शेवटी तिनं तानपुरा आडवा ठेवला आणि तोंडावर पदर घेऊन रडली. माझ्या बायकोला मी असं रडताना फार वेळा पाहिलेलं नाही. मला सेट फोडून टाकावासा वाटला, श्रीधरला फोन करून शिव्या घालाव्याशा वाटल्या, आणि केलं काय, तर चहा टाकला.

"मंडळाला कळवू का, गाणं रद्द म्हणून?"

"कळवा," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "नको. त्या येऊ देत. एकदा त्यांच्या तोंडूनच ऐकते, मग कायमचं बंद करते."

कायमचं बंद म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला समजलं होतं.

रविवारी सकाळी सरूबाई आल्या, भाच्याच्या गाडीतून. काटकुळ्या, नऊवारीतल्या, कान मात्र तिखट. आल्या आल्या म्हणाल्या, "तुमचा नळ गळतोय आत कुठंतरी." खरंच गळत होता. कुमुद पाया पडली, तर तिला उठवून गालावरून हात फिरवला.

"मथुरेचं नाव काढणारं हाय कुणीतरी, बरं वाटलं बघ."

कुमुदचा चेहरा असा पडला की मीच मान खाली घातली. चहा झाला, पोहे झाले, आणि ती एकदम म्हणाली, "आक्का, गाण्याआधी मला तुम्हाला काही ऐकवायचंय." मग माझ्याकडं वळून, "लावा."

मी नव्या सेटवर रेकॉर्ड लावली. सरूबाई दोन सुरांत हसल्या.

"हां! हीच की. ह्या रेकॉर्डीच्या दिवशी मी मागं बसले होते. काचेपलीकडं एक बाबा हात फिरवत होता, आटपा, आटपा. वेळ संपला की मशीन बंद व्हायचं म्हणे. मथुरा पार भडकली होती. बाहेर येऊन म्हणाली, सरू, मी गायले का पळाले गं?"

म्हणजे प्रश्नच मिटला. हीच खरी. कुमुदनं डोळे मिटून घेतले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आता जुन्यावर."

"कशाला आता?" मी पुटपुटलो.

"लावा म्हणते ना."

मी पेटी उघडली. घरघरत का होईना, आवाज आला. तो खालचा, जड सूर. सरूबाईंच्या हातात बशी होती, ती त्यांनी खाली ठेवली. मग मांडीवरचे हात घट्ट धरले. पहिली ओळ संपून दुसरी सुरू झाली तशा त्या माझ्यावर उखडल्या.

"हे कुठनं मिळालं तुम्हाला?"

"तीच रेकॉर्ड आहे, आक्का."

"खुळे का काय तुम्ही? ती रेकॉर्ड आता ऐकली न्हवं मी! ही दुसरी हाय. कुणी केली ही? घरात तर कुणी मशीन आणलं नव्हतं!"

मी रेकॉर्ड काढून दाखवली. पन्नास-साठ सांगितलं, डबा दाखवला, कपटे फिरवले. म्हातारी काही ऐकायला तयार नव्हती.

"लाइटीचं मला सांगू नका. ही शेवटच्या सालातली मथुरा हाय."

आता मात्र माझी मती गुंग झाली. मी कुमुदकडं बघतो, कुमुद माझ्याकडं. शेवटच्या साली काही रेकॉर्ड झालेलंच नव्हतं. जी रेकॉर्ड होती ती त्याच्या कितीतरी आधीची, आणि तीही मोटरीनं लांबवलेली. मग या बाई ऐकत होत्या ते कुणाचं?

कुमुद त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली. "आक्का, शेवटच्या साली काय झालं होतं?"

"आजारी पडली. गळ्यात काय झालं, आवाज असा खाली बसला. श्वास पुरायचा न्हाई, म्हणून सुरावर थांबायची. थांबायची म्हणजे, पुढं जायची भीती वाटायची तिला. बैठका बंद. माणसांसमोर गाणं बंद. दुपारी दार लावून घ्यायची आणि गायची ती माझ्यापुढं. हाच बागेश्री. असाच." त्या डोळे पुसायला लागल्या. "मी कुणाला सांगितलं तर म्हणायचे, शेवटी आवाज गेला होता तिचा. गेला न्हवता. त्यातच ती कळली मला. पण दाखवणार काय? ऐकलं मी एकटीनं."

दोन्ही तव्यांवरचे कपटे अजून फिरत होते. यंत्रं बंद करायचंही मला सुचलं नाही.

"मग संध्याकाळी मी कुठली गाऊ?" कुमुदनं विचारलं. लहान पोरीसारखा आवाज झाला होता तिचा.

"कुठली म्हणजे? दोन-दोन येतात का तुला?"

"नाही."

"मग येतंय ते गा की!"

संध्याकाळी मंडळाचा हॉल भरलेला होता. कुमुद बसली. मागं तानपुऱ्याला तिची शिष्या बसणार, तेवढ्यात सरूबाई पहिल्या रांगेतून उठल्या, कुणालाही न विचारता व्यासपीठावर चढल्या आणि त्या पोरीच्या हातून तानपुरा घेतला. कुमुदनं वळून पाहिलं. तिला घाम फुटलेला मला खालून दिसत होता. मग तिनं सूर लावला, तोच, खालचा. कसं झालं ते मला विचारू नका, लोक चांगलं झालं म्हणत होते. मी सबंध वेळ सरूबाईंच्या मानेकडं टक लावून होतो, हलते का म्हणून. ती हलली नाही. त्या डोळे मिटून तानपुरा छेडत राहिल्या, आणि गाणं संपल्यावरही त्यांची बोटं थांबेनात. कुमुदनंच शेवटी त्यांचा हात धरला.

सरूबाई रात्री आमच्याकडेच राहिल्या. सकाळी स्वयंपाकघरात कुमुदनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अहो, मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बोलल्या त्या? पडला होता ना माझा चेहरा. म्हाताऱ्या माणसाला कळतं. दया आली असेल."

"कशावरून?"

"मोटर मागं पडते, त्यात बाईंचं शेवटचं साल कसं येईल हो? तुम्हीच सांगा."

खरं म्हणजे मलाही रात्रभर तीच शंका छळत होती. सहाला तिनानं भागलं, बाकी शून्य, असा हा हिशेब नव्हता. म्हातारी गोड बोलली असेल, किंवा आठवणींनी तिला फसवलं असेल, काहीही असेल. मी "छे गं" म्हटलं, पण ते दोघांनाही पटलं नाही.

नऊच्या सुमाराला भाच्यानं गाडी दाराशी आणली. सरूबाई निघाल्या, उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. इतकी तिखट बाई, पण आता पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होत्या.

"पोरी, एक मागू का? रागवायचं न्हाई."

"मागा की आक्का."

"तुमचं ते जुनं यंत्र. हळू फिरतंय तरी चालेल. तुम्हाला ते नवं हाय म्हणून म्हणते." आणि घाईघाईनं पुढं, "माझ्यापाशी पण हाय ती रेकॉर्ड. मथुरेनं दिलेली. ट्रंकेत ठेवलीय. एकदाच लावली होती भाच्याच्या मशीनवर आणि बंद कर म्हणाले. ती धावणारी मथुरा मला नको वाटते. त्या यंत्रावर लावली तर... दुपारी लावत जाईन."

कुमुद आत गेली, स्वतःची जाड चादर आणली, पेटी तिच्यात गुंडाळली, डबा वेगळा बांधला. मी भाच्याला वायर कुठली कुठं ते दोनदा सांगितलं. डबा आधी, पेटी मग. तो पेटी डिकीत ठेवायला निघाला तर सरूबाई ओरडल्या, "तिथं नको, आदळंल!" आणि ते धूड मांडीवर घेऊन बसल्या. बाहेरून नुसती पेटी दिसत होती, पेटीमागं त्या दिसत नव्हत्या.

गाडी कोपऱ्यावर वळली आणि कुमुद फाटकाला धरून हमसून हमसून रडायला लागली. शेजारचे वाकून बघायला लागले.

"अगं, आता काय झालं? तुला नको होतं का द्यायला? थांबवू का गाडी?"

"नाही हो." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्यांनी मागितलं ते. खोटं बोलल्या असत्या, तर मागितलं नसतं."